पाठकोऱ्याची दुसरी बाजू

ओमप्रकाश गावंडे हा माणूस वाईट नाही, हे मी पहिल्याच ओळीत सांगून टाकतो. तीच तर माझी तक्रार आहे. वाईट असता तर मी त्याला चार शिव्या घातल्या असत्या आणि जेवून गपचूप झोपलो असतो. पण तो चांगला आहे. सगळ्यांशी चांगला आहे. अशा माणसावर जळायचं म्हणजे कपाशीच्या ओल्या पऱ्हाटीवर स्वयंपाक करायचा: जाळ कमी, धूर फार, आणि चुरचुरतात ते आपलेच डोळे.

मी अमरावतीला एका अभिमत विद्यापीठात आवक-जावक विभागात वरिष्ठ लिपिक आहे. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. मी कोणाच्या बापाला भीत नाही, पण निवृत्तीला अकरा महिने बाकी आहेत. येणाऱ्या कागदावर गोल शिक्का मारायचा आणि जाणाऱ्या कागदावर चौकोनी, हे माझं काम. सव्वीस वर्षं मारतो आहे. कुलगुरू सात झाले, शिक्के तेच आहेत.

या सव्वीस वर्षांत मी एक गोष्ट धर्मासारखी पाळली, ती म्हणजे पाठकोरा. एका बाजूने छापलेला आणि पाठीने कोरा राहिलेला कागद म्हणजे पाठकोरा. साहेब लोक त्याला रद्दी म्हणतात. ज्याने शाळेत पाटीवर लिहून लिहून कोपराने पुसलं आहे, तो असं म्हणणार नाही. माझ्या टेबलामागच्या लोखंडी कपाटात छातीइतके पाठकोरे रचलेले आहेत. नोंदी त्यावर, मसुदे त्यावर, डब्याखाली तेच. घरी किराण्याची यादी जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर. आमची बायको सत्यवती उन्हाळ्यात मूगवड्या घालते त्याही त्याच कागदांवर, त्यामुळे आमच्याकडच्या वडीच्या बुडाला अजूनही 'कोणतेही चार प्रश्न सोडवा' असं उमटलेलं असतं. पाहुणे हसतात. हसोत. वड्या संपवूनच उठतात ना?

पाठकोऱ्याचा एक नियम मात्र पक्का आहे. कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं की छापलेली बाजू पाठ होते; त्या पाठीवर काय आहे ते वाचायचं नाही. वाचत बसलं की माणूस गुंततो आणि काम राहतं. हा नियम मीच केला आणि मीच पाळला. पुढे काय झालं ते येईलच.

तर झालं असं की, आमच्या कुलसचिव नीलम मॅडम यांच्या सहीने 'कागद बचत अभियाना'चं परिपत्रक निघालं. छपाई कमी करा, कागद वाचवा, झाडं वाचवा. परिपत्रक चार पानांचं, एका बाजूने छापलेलं, प्रती तीनशे चाळीस. सगळ्या माझ्याच टेबलावरून गेल्या. मी प्रत्येकीवर चौकोनी शिक्का मारला आणि प्रत्येक शिक्क्याला मनातल्या मनात एक विशेषण लावलं. ती विशेषणं इथे छापण्यासारखी नाहीत.

पण चौथ्या पानावर माझा हात थांबला. सर्वात जास्त कागद वाचवणाऱ्या कर्मचाऱ्याला विद्यापीठ दिनी 'हरित कर्मचारी' पुरस्कार. शाल, स्मृतिचिन्ह, आणि त्याचा फोटो वर्षभर मुख्य इमारतीच्या दारात.

आता खरं बोलतो. शालीचं मला काही नाही. पण फोटो! सव्वीस वर्षांत या विद्यापीठात माझा एकच फोटो आहे, ओळखपत्रावरचा, आणि त्यात माझे डोळे मिटलेले आहेत. गेटवरचा रखवालदार अजून विचारतो, "काका, हे तुमीच काय?" निवृत्त होण्याआधी एकदा तरी दारात उघड्या डोळ्यांनी टांगलं जावं, एवढीच इच्छा. आणि कागद वाचवण्यात माझ्यासमोर उभं राहील असं होतंच कोण?

होता. अकोला उपकेंद्रात. ओमप्रकाश.

हा दर मंगळवारी टपाल घेऊन अकोल्याहून बसने येतो. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. आला की अख्खी इमारत, "ओमभाऊ आले, ओमभाऊ आले!" मला सव्वीस वर्षांत कोणी "भगवंतराव आले" म्हटलं नाही. येताना तो सगळ्यांसाठी कचोरी आणतो. तीही स्टीलच्या डब्यात! कागदात नाही. झाडूवाली तानुबाई तर त्याच्यासाठी पंखा आधीच सुरू करून ठेवते. माझ्या डोक्यावरचा पंखा तीन वर्षांपासून फक्त आवाज करतो.

मी प्रस्ताव लिहायला घेतला. नियम असा की प्रस्ताव पाच प्रतींत, स्पायरल बांधणी करून, पुराव्याच्या रंगीत फोटोंसह द्यावा. कागद वाचवल्याचा प्रस्ताव! मी चिडून दोन पानांतच आटोपणार होतो. पण संध्याकाळी शेजारचे पंजाबराव आले. पंजाबराव जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले, पण जिल्हा परिषद त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही.

"दोन पानं?" ते म्हणाले. "भगवंतराव, दोन पानाचा प्रस्ताव कोनी हातात तरी धरते काय? साहेबाले पयले वजन दिसते, मंग अक्षर दिसते. पुरावे लावा."

"कशाचे पुरावे? वाचवलेल्या कागदाचा काय पुरावा लावू?"

"त्याचीच झेरॉक्स लावा."

मूर्खासारखा सल्ला होता, पण तीस वर्षांच्या अनुभवातून आलेला मूर्खपणा होता. मी ऐकला. वाचवलेल्या प्रत्येक पाठकोऱ्याची नमुन्यादाखल झेरॉक्स जोडत गेलो. प्रस्ताव दोनशे बारा पानांचा झाला. गुणिले पाच. झेरॉक्सवाल्याने मला चहा पाजला, यावरून काय ते समजा.

शिवाय प्रस्तावाच्या छापील नमुन्यात 'प्रत्यक्ष अंमलबजावणी' असा एक रकाना होता. तो भरायला मी परीक्षा विभागात गेलो आणि त्यांच्या प्रिंटरमध्ये माझ्या कपाटातला पाठकोऱ्यांचा गठ्ठा घालून आलो. त्या गठ्ठ्यात पिना राहिल्या असतील हे मला मान्य आहे. पण प्रिंटरने आधी कुरकुरावं, खोकावं; एकदम जीव सोडायची गरज नव्हती. मेकॅनिकने त्याच्या पोटातून नऊ पिना काढल्या आणि त्याचा अहवाल तीन प्रतींत लिहून दिला. प्रिंटर जिवंत झाला, आणि बी.ए. दुसऱ्या वर्षाची हॉलतिकिटं निघाली. माझ्या पाठकोऱ्यांवर.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी भूगोलाचे विभागप्रमुख माझ्या टेबलासमोर उभे राहिले. त्यांच्या हातात एका पोराचं हॉलतिकीट होतं. त्यांनी ते उलटं केलं. पाठीवर त्यांच्या मूळव्याधीच्या ऑपरेशनचं वैद्यकीय प्रमाणपत्र होतं. वैद्यकीय बिलाला सात प्रती लागतात, असा आपलाच नियम. त्या सातही प्रती वाया गेल्या होत्या, म्हणून माझ्या कपाटात आल्या होत्या.

"गुल्हाने," सर दातओठ खात म्हणाले, "माझं दुखणं सात पोरांच्या खिशात फिरून राहिलं! एक पोरगी मले विचारते, सर, आता बसता येते का?"

"सर, तुमची सात पानं वाचली," मी म्हणालो. खरं तेच बोललो. त्या दिवसापासून सर माझ्याशी बोलत नाहीत. भूगोल गेला उडत.

एवढं सगळं होऊनही पुरस्कार माझाच, यात मला शंका नव्हती. सत्यवतीलाही नव्हती. तिने मोर्शीला माहेरी फोन करून सांगून टाकलं, आणि मोतिया रंगाची साडीही घेतली. मी सत्काराला उत्तर म्हणून भाषण लिहिलं. आणि इथे आयुष्यात पहिल्यांदा मी नियम मोडला. म्हटलं, एवढं मोठं भाषण उष्ट्या कागदावर नको. कागदाचं नवं पाकीट फोडलं आणि एक कोरा, पांढराशुभ्र कागद घेऊन त्यावर भाषण छापलं. सव्वीस वर्षांत एक कोरा कागद. लोक तेवढ्या काळात दहा प्रिंटर खातात. पण देव माझ्याच मागे लागलेला.

निकाल आला. हरित कर्मचारी: श्री. ओमप्रकाश गावंडे, अकोला उपकेंद्र.

त्याचा प्रस्ताव किती पानांचा होता? सांगतो. अर्ध्या पानाचा. तोही ईमेलने. त्यात तीन ओळी: प्रिंटर दोन्ही बाजूंनी छापेल असा लावून ठेवला, रजेचे अर्ज फोनवर घेतो, सूचना फळ्यावर खडूने लिहितो. बस. खडूने! हे कोणालाही सुचलं असतं. मला नाही सुचलं, ही वेगळी गोष्ट. निकालाखालचा शेरा मात्र काळजात रुतून बसला. 'श्री. गुल्हाने यांचा प्रस्ताव अपात्र. प्रस्तावासाठी एक हजार साठ पाने वापरण्यात आली.'

मी भाषणाचा कागद खिशातून काढला, सरळ केला, आणि हाताला सवय आहे म्हणून कपाटातल्या गठ्ठ्यावर ठेवून दिला. एका बाजूने छापलेला, पाठीने कोरा. दुसरं काय करणार?

 घरी सत्यवती साडीची घडी परत घालत राहिली. 

पंजाबराव मात्र सल्ला घेऊन आले. "निनावी अर्ज टाका."

"माझ्याच्याने नाही होणार."

"काहून नाही? माह्या नोकरीत म्या अकरा निनावी अर्ज टाकले. एक बी पकडला गेला नाही. सही करायची नाही, हातानं लिहायचं नाही, आपल्या गावच्या पोस्टातून टाकायचं नाही. तीन गोष्टी सांभाया, बाकी देव सांभायते."

मी तीनही सांभाळल्या. जेवणाच्या सुट्टीत ऑफिस रिकामं झालं तेव्हा टाइप केलं. विषय मोठ्या जाड अक्षरात: 'ओमप्रकाश गावंडे यांच्या ढोंगाबाबत'. खाली लिहिलं की, सबब कळविण्यात येते की सदर इसम सगळं फोनवर पाठवतो, आणि मग पोरं बाहेर जाऊन त्याच्याच छापील प्रती काढतात. सबब उपकेंद्राच्या गेटासमोर एका वर्षात तीन झेरॉक्सची दुकानं उघडली आहेत. सबब कागद वाचलेला नसून फक्त कुंपणाबाहेर गेला आहे. खाली, 'एक पर्यावरणप्रेमी'. यातला मुद्दा खोटा नव्हता, हे मी आजही छाती ठोकून सांगतो. हेतू घाणेरडा होता, मुद्दा चोख होता.

छापायला कागद हवा. हात मागे गेला, गठ्ठ्यातला वरचा पाठकोरा उचलला, कोरी बाजू बघून प्रिंटरमध्ये घातला. पाठ वाचली नाही. नियम म्हणजे नियम.

बडनेऱ्याच्या पोस्टातून टाकला. तिसऱ्या दिवशी तो कुठे आला? माझ्याच टेबलावर. आवक मीच ना! मी स्वतःच्या हाताने पाकीट फोडलं, अर्जावर गोल शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला, खाली माझी छोटी सही केली, आणि निर्विकार चेहऱ्याने मॅडमकडे पाठवला. अशी मजा मला लग्नातही आली नव्हती.

दोन दिवसांनी फाइल परत आली. नियम असा की, तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याकडे तिची प्रत पाठवून खुलासा मागवायचा. पण मॅडमनी शेरा मारला होता: 'कागद बचत अभियान सुरू असल्याने झेरॉक्स काढू नये. मूळ अर्जच खुलाशासाठी अकोल्याला पाठवावा.' आनंदाने मी त्यावर चौकोनी शिक्का मारला, वापरलेलं एक पाकीट उलटं करून चिकटवलं, आणि मूळ अर्ज अकोल्याला रवाना केला. मनात म्हटलं, घे, आता खडूने खुलासा लिही.

पुढच्या मंगळवारी ओमप्रकाश आला. मी त्याच्या चेहऱ्यावर भीती शोधत होतो. कुठेच नव्हती. नेहमी मला एक कचोरी देतो, त्या दिवशी दोन दिल्या.

"घ्या भाऊ. तुमी बारीक होऊन राहिले."

"मॅडमकडे काम आहे का तुझं?" मी सहज विचारल्यासारखं केलं.

"हो, एक खुलासा मांगतला व्हता. देल्ला. मॅडम हसल्या, अर्ज तुह्यापाशीच ठेव म्हनल्या." मग जरा थांबून म्हणाला, "भाऊ, तुमी भाषण लय चांगलं लिहिता."

"तुला कोणी सांगितलं?"

"असंच समजलं." आणि तो तानुबाईला कचोरी द्यायला गेला. तिने पंखा वाढवला.

मी त्या रात्री विचार केला, हा माझं भाषण कुठे ऐकून बसला? पण उत्तर सापडलं नाही, कारण उत्तर शोधायचं म्हणजे पाठ वाचायची, आणि ती सवय मला नाही.

विद्यापीठ दिन. मी जाणार नव्हतो. सत्यवती मोतिया साडी नेसून तयार. म्हणाली, "साडी काय पेटीत ठेवू? चला. दुसऱ्याचा सत्कार पाह्याले बी साडी लागते." आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. ती दूरचा चष्मा लावून, मी तोंड पाडून.

ओमप्रकाशचं नाव पुकारलं. टाळ्या अशा की छतातले पारवे उडाले. शाल झाली, स्मृतिचिन्ह झालं. "दोन शब्द बोला," मॅडम म्हणाल्या. तो माइकजवळ आला, घसा साफ केला.

"मले भाषण येत नाही," तो म्हणाला. "पन आमच्या एका मोठ्या भावानं लिहिलेलं एक भाषण माह्या हाती आलं. म्या म्हटलं, हेच वाचतो. नवीन कायले कागद खराब करायचा?"

आणि त्याने खिशातून एक कागद काढला, उलगडला, आणि दोन्ही हातांनी तोंडासमोर धरला.

"'आज या सत्काराने मी भारावून गेलो आहे,'" तो वाचू लागला. "'सबब बोलताना शब्द अपुरे पडतील.'"

माझ्या कानशिलातून वाफ निघाली. ते माझं वाक्य होतं.

"'सव्वीस वर्षं माझ्या पत्नीने वड्यांच्या बुडाला प्रश्नपत्रिका सहन केल्या. खरा हरित कर्मचारी असेल, तर ती आहे.'"

टाळ्या. सत्यवतीने माझ्याकडे पाहिलं. असं तिने लग्नानंतर फार वेळा पाहिलेलं नाही. मी सुखावणार तोच तिची नजर पुन्हा स्टेजवर गेली, आणि तिने चष्मा नाकावर घट्ट दाबला.

कारण ओमप्रकाश भाषणाची बाजू वाचत होता. दुसरी बाजू आमच्याकडे होती.

"अवो," सत्यवती हळूच म्हणाली, "त्याच्या कागदाच्या या बाजूले मोठ्या अक्षरात काय हाये? 'ओमप्रकाश गावंडे यांच्या... ढोंगाबाबत'?"

"काही नाही. जुनं काहीतरी असेल."

"खाली तुमचा गोल शिक्का हाये."

"मी सगळ्यावरच मारतो."

"अन् 'सबब'?" ती म्हणाली. "एका कागदावर एवढे सबब या जिल्ह्यात दुसरं कोन लिहिते?"

तिकडे तो शेवटावर आला होता. "'अकोल्याचे ओमप्रकाश हेही होतकरू आहेत. त्यांच्यात अजून परिपक्वता नाही, परंतु निवृत्तीपूर्वी मी त्यांना मार्गदर्शन करीन.'" सभागृह हसून लोळलं. सगळ्यात मोठ्याने तोच हसला. पहिल्या रांगेतल्या भूगोलाच्या सरांनी मात्र मान तिरपी केली, कागदाची आमच्याकडची बाजू वरपासून खालपर्यंत वाचली, आणि वळून माझ्याकडे बघितलं. बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा प्रसन्न दिसला. आता त्यांना बसता येत असावं.

"भगवंतभाऊ, वर या," ओमप्रकाश माइकवरून म्हणाला. "भाषण ज्याचं, शाल त्याची."

मी नाही नाही म्हणत होतो. सत्यवतीने मागून ढकललं. वर गेलो. त्याने आपल्या खांद्यावरची शाल काढून माझ्या खांद्यावर घातली आणि वाकून पाया पडला. कागद मात्र त्याने घडी करून खिशात ठेवला. मॅडम गालात हसत होत्या. फोटोग्राफर म्हणाला, "इकडे पाहा काका." त्याच क्षणी माझे डोळे झोंबले, कशामुळे ते विचारू नका, आणि मिटले.

तो फोटो आज मुख्य इमारतीच्या दारात लागला आहे. शाल दिसते, ओमप्रकाश दिसतो, आणि मिटल्या डोळ्यांचा मी दिसतो. रखवालदाराने ओळखपत्राशी ताडून पाहिलं आणि म्हणाला, "हो काका, तुमीच हाये."

 घरी परतताना पंचवटी चौकात स्कूटर सिग्नलला थांबली तेव्हा सत्यवती म्हणाली, "भाषण बाकी चांगलं व्हतं."

"होतं ना?" मी म्हणालो.

"त्याच्याच तोंडात शोभलं."

त्याला सगळं माहीत होतं का? त्याने कागद मुद्दाम तसा धरला की भोळेपणाने? देव जाणे. मुद्दाम धरला असेल, तर माझ्यापेक्षा चांगला सूड त्याने घेतला. भोळेपणाने धरला असेल, तर तो माझ्यापेक्षा चांगला माणूस आहे. दोन्हीकडून जळायचं मलाच.

पुढच्या मंगळवारी तो आला. "ओमभाऊ आले, ओमभाऊ आले!" पंखा सुरू झाला. माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "भाऊ, आज डबा इसरलो," आणि कागदात गुंडाळलेली एक कचोरी पुढे ठेवली. मी कागद सोडला. एका बाजूला माझं भाषण, एका बाजूला माझा अर्ज, आणि दोन्हींच्या आरपार कचोरीचं तेल.

मी सव्वीस वर्षं कागदाच्या दोन बाजू वापरल्या आणि स्वतःला मोठा समजत आलो. या माणसाने तिसरा उपयोग काढला. त्यातही तो पुढेच गेला.

मी रागारागाने ती कचोरी खाल्ली. चांगली होती. तीच तर माझी तक्रार आहे.